चाश्तची नमाज: वेळ, पद्धत आणि फजीलत

सूर्य उगवून थोडा वर चढल्यापासून तो माथ्यावर येण्याआधीपर्यंत जी ऐच्छिक नमाज पढली जाते, तिला अरबीत सलातुद्दुहा आणि भारतीय मुसलमानांच्या बोलीत चाश्तची नमाज म्हणतात. पाच फर्ज नमाजांमध्ये तिची गणना होत नाही. ती नफिल आहे, म्हणजे पढली तर सवाब आणि न पढली तर गुन्हा नाही. फजरची वेळ सूर्योदयाला संपते आणि जोहरची दुपारी सूर्य ढळल्यावर सुरू होते. मधल्या सुमारे सहा तासांत कोणतीही फर्ज नमाज नाही. नेमक्या याच वेळात दुकाने उघडतात, शाळा-कचेऱ्या भरतात, स्वयंपाकघरात आणि शेतात कामाची घाई असते. माणूस सर्वांत जास्त गुंतलेला असताना, कोणतीही सक्ती नसताना, अल्लाहसाठी काढलेली ही काही मिनिटे आहेत. या नमाजेचे बहुतेक सगळे नियम तिचे हे ऐच्छिकपण सांभाळूनच ठरले आहेत.

दर्जाबाबत फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या शास्त्राच्या, चारही प्रमुख पंथांचा कल एकच आहे, शब्द मात्र वेगळे आहेत. शाफई पंथात ती सुन्नत-ए-मुअक्कदा, म्हणजे ताकीद असलेली सुन्नत आहे. मालिकी पंथात ती ताकीद असलेल्या नफिल नमाजांमध्ये येते. हनफी पंथ तिला मुस्तहब, म्हणजे पसंत केलेले कृत्य म्हणतो. हंबली पंथातही ती मुस्तहबच आहे, पण त्या पंथाच्या प्रसिद्ध मतानुसार ती रोज न पढता अधूनमधून सोडावी. महाराष्ट्रात हे फरक केवळ पुस्तकांत राहिलेले नाहीत. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत, तर देश, मराठवाडा आणि विदर्भातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी. मुंबईच्या एकाच मशिदीत दोन्ही पद्धतींचे नमाजी शेजारी-शेजारी उभे असतात. त्यामुळे चाश्तच्या रकातींबद्दल किंवा कजाबद्दल, म्हणजे वेळ टळल्यावर ती पढण्याबद्दल, दोघांनी वेगवेगळे ऐकले असेल, तर त्यात कोणाची चूक असेलच असे नाही.

वेळ कधी सुरू होते, कधी संपते

चाश्तबाबत सर्वांत जास्त चुका वेळेत होतात, म्हणून हा भाग नीट समजून घ्यायला हवा. सूर्य उगवत असताना, तो बरोबर माथ्यावर असताना आणि तो मावळत असताना नमाज पढण्याची मनाई सहीह मुस्लिममधील हजरत उकबा बिन आमिर यांच्या हदीसमध्ये आली आहे. हजरत अम्र बिन अबसा यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना नमाजेविषयी विचारले, तेव्हा त्यांना मिळालेले उत्तरही सहीह मुस्लिममध्ये आहे. फजर झाल्यावर सूर्य उगवून वर येईपर्यंत थांबावे, कारण सूर्याची पूजा करणारे त्या घटकेला त्याच्यापुढे माथा टेकतात. त्यानंतर भाल्याची सावली अगदी आखूड होईपर्यंत नमाज पढता येते आणि मग पुन्हा थांबावे. चाश्तच्या दोन्ही सीमा या उत्तरातच सापडतात.

सुरुवातीची सीमा फिक्हच्या ग्रंथांत ‘सूर्य एक भालाभर वर येणे’ अशी सांगितली आहे. घड्याळाच्या भाषेत ती सूर्योदयानंतर साधारण 15 ते 20 मिनिटांची होते. सूर्यबिंब क्षितिजावर पूर्ण दिसले म्हणजे वेळ सुरू झाली, असे नाही. त्याचा तांबूसपणा जाऊन त्याच्याकडे सहज टक लावून पाहता येईनासे व्हायला हवे. ज्याला गणित नको असेल त्याने पंचांगात किंवा मशिदीतल्या वेळापत्रकात दिलेल्या सूर्योदयाच्या वेळेत 20 मिनिटे मिळवावीत. थोडे उशिरा पढण्याने काही बिघडत नाही, लवकर पढण्याने मात्र नमाज मनाईच्या वेळेत जाते.

शेवटची सीमा अधिक फसवी आहे. अनेकांच्या मनात माध्यान्ह म्हणजे घड्याळातले 12 असे पक्के बसलेले असते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्य माथ्यावर येण्याची वेळ वर्षभरात साधारण 12 वाजून 22 मिनिटे ते 12 वाजून 53 मिनिटे यांच्या दरम्यान सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सर्वांत लवकर असते, फेब्रुवारीच्या मध्यात सर्वांत उशिरा. म्हणजे मुंबईत बाराच्या ठोक्याला चाश्तची वेळ संपली असे समजणाऱ्याच्या हातून पाऊण तासापर्यंतचा वेळ उगाच निसटतो. नागपुरात उलट होऊ शकते. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य बाराच्याही दोन-तीन मिनिटे आधी मध्यावर येतो. त्या दिवसांत बाराच्या ठोक्याला नमाज सुरू करणे चुकीचे ठरेल.

आपल्या गावाची वेळ काढणे अवघड नाही. त्या दिवसाचा सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे माध्यान्ह. सूर्योदय 6 वाजून 30 मिनिटांनी आणि सूर्यास्त संध्याकाळी 6 वाजून 40 मिनिटांनी असेल, तर माध्यान्ह 12 वाजून 35 मिनिटांनी होतो. त्याच्या दहा मिनिटे आधी नमाज पूर्ण झालेली असावी. भारतातल्या काही हनफी वेळापत्रकांत ‘जहवा-ए-कुबरा’ अशी वेगळी वेळ छापलेली असते. तिथे दिवस सूर्योदयापासून न मोजता सुबह-ए-सादिकपासून, म्हणजे फजरची वेळ सुरू होते तिथपासून मोजून त्याचा मध्य काढलेला असतो. म्हणून ती खऱ्या माध्यान्हाच्या सुमारे पाऊण तास आधी येते. ज्यांचे उलेमा मनाईची वेळ तिथपासून धरतात, त्यांनी चाश्त त्याआधी पूर्ण करावी. ज्याला कोणत्या मोजणीने चालावे हे ठरवता येत नाही, त्याने अकराच्या आत नमाज उरकली तर महाराष्ट्रात कुठेही प्रश्न उरत नाही.

या लांबलचक वेळेतला उत्तम भाग कोणता, याचे उत्तर हजरत झैद बिन अरकम यांच्या हदीसमध्ये आहे. काही लोक सकाळी लवकर ही नमाज पढताना त्यांना दिसले. याहून चांगली वेळ दुसरी आहे हे या लोकांना माहीत असायला हवे, असे ते म्हणाले आणि त्यांनी प्रेषितांचा शब्द सांगितला: अल्लाहकडे वारंवार वळणाऱ्यांची, म्हणजे अव्वाबीनची नमाज उंटांच्या पिल्लांचे पाय तापल्या वाळूने पोळू लागतात तेव्हाची असते. हिजाजच्या वाळवंटातल्या माणसाला यातून वेळ तत्काळ कळत असे, कारण पिल्लांचे तळवे कोवळे असतात आणि ऊन जरा कडक झाले की ती बसकण मारतात. फकीहांनी याचा हिशोब दिवसाचा चौथा भाग सरल्यानंतर असा बसवला. आपल्याकडे तो साधारण सकाळी नऊ-साडेनऊच्या पुढे येतो. उन्हाळ्यात थोडा आधी, हिवाळ्यात थोडा नंतर.

अव्वाबीन या नावावरून आपल्याकडे नेहमी गोंधळ होतो. भारतात मगरिबनंतरच्या सहा नफिल रकातींना अव्वाबीन म्हणण्याची पद्धत रुळली आहे, तर सहीह मुस्लिमच्या हदीसमध्ये ते नाव चाश्तला आले आहे. दोन्ही नमाजा आपापल्या जागी आहेत. हदिसांचे अनुवाद वाचताना मात्र कोणती नमाज अभिप्रेत आहे, हे वेळेवरून ओळखावे.

इशराक आणि चाश्त

इशराकची नमाज म्हणजे सूर्य भालाभर वर येताच पढलेल्या दोन किंवा चार रकात. भारतातल्या हनफी आणि सूफी परंपरेत इशराक आणि चाश्त या दोन वेगळ्या नमाजा मानून दोन्ही पढण्याचा प्रघात आहे. बहुतेक हदीसतज्ज्ञ आणि अनेक शाफई फकीह यांच्या मते मात्र नमाज एकच आहे. वेळेच्या आरंभी पढली तर तिला इशराक म्हणावे, ऊन चढल्यावर पढली तर चाश्त. व्यवहारात या मतभेदाने फारसे अडत नाही. सकाळी लवकर दोन रकात पढून पुन्हा दहा वाजता चार पढणारा दोन्ही मतांनुसार नफिलच पढत असतो. ज्याला कामावर निघण्याआधीच वेळ मिळतो, त्याने इशराकच्या वेळी पढलेल्या रकातींतून चाश्तचाही सवाब मिळेल अशी आशा ठेवावी. नमाज एकच मानणाऱ्यांच्या दलीली पाहता हे मत अधिक बळकट दिसते.

इशराकशी जोडलेली प्रसिद्ध हदीस तिर्मिजीमध्ये हजरत अनस यांच्याकडून आली आहे. फजर जमातीने पढून, सूर्य उगवेपर्यंत अल्लाहच्या स्मरणात बसून, मग दोन रकात पढणाऱ्याला हज आणि उमरा यांच्या पूर्ण सवाबाची शुभवार्ता त्यात आहे. तिर्मिजींनी तिला हसन-गरीब, म्हणजे चांगली पण एकाच मार्गाने आलेली, हा दर्जा दिला असून तिच्या सनदीवर, म्हणजे कथन करणाऱ्यांच्या साखळीवर, हदीसतज्ज्ञांमध्ये चर्चा आहे. इथे एक गोष्ट स्पष्ट असावी. सवाबाची बरोबरी म्हणजे फर्ज हजची जबाबदारी फिटणे नव्हे. ज्याच्यावर हज फर्ज आहे, त्याला तो करावाच लागतो.

फजीलत

चाश्तचे सर्वांत भक्कम प्रमाण हजरत अबू हुरैरा यांच्या हदीसमध्ये आहे आणि ते बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोंदले आहे. प्रेषितांनी त्यांना तीन गोष्टींची वसीयत केली: दर महिन्याला तीन रोजे, चाश्तच्या दोन रकात आणि झोपण्याआधी वित्र. हजरत अबू दर्दा यांनाही अशाच तीन गोष्टींचा उपदेश झाल्याचे सहीह मुस्लिममध्ये आहे. दोघेही गरीब, साधे सहाबी होते. त्यांना मिळालेल्या या तीन गोष्टींना पैसा लागत नाही, ताकदही फार लागत नाही, लागते ते फक्त सातत्य.

दुसरी हदीस हजरत अबू जर यांची, सहीह मुस्लिममधलीच. रोज सकाळी माणसाच्या शरीरातल्या प्रत्येक सांध्यावर एक सदका देणे लागते. सुब्हानल्लाह म्हणणे सदका आहे, अल्हम्दुलिल्लाह म्हणणे सदका आहे, ला इलाह इल्लल्लाह आणि अल्लाहु अकबर म्हणणेही, चांगल्याचा आग्रह धरणे आणि वाइटापासून रोखणेही. या सगळ्यांच्या बदल्यात चाश्तच्या दोन रकात पुरेशा होतात. हजरत आयशा यांच्या एका हदीसमध्ये या सांध्यांची संख्या 360 सांगितली आहे. अबू दाऊदमध्ये हजरत बुरैदा यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये मशिदीत पडलेली घाण पुरून टाकणे आणि रस्त्यातली अडथळ्याची वस्तू दूर करणे हेही सदक्यातच मोजले आहे, आणि ते जमले नाही तर चाश्तच्या दोन रकात आहेत.

या हदीसचा अर्थ खोल आहे. सकाळी उठताच हात उचलला जातो, गुडघा वाकतो, बोटे मिटतात, हे माणूस गृहीत धरतो. संधिवाताने आखडलेल्या माणसालाच एका सांध्याची किंमत कळते. नमाजेत उभे राहणे, वाकणे, बसणे आणि कपाळ टेकणे यांत जवळजवळ प्रत्येक सांधा कामाला लागतो. ज्या देणगीबद्दल शुक्र करायचा, तीच देणगी शुक्रासाठी वापरली जाते. मात्र ही हदीस दानधर्मातून सुटका देते असे कोणी समजू नये. तिच्यात रोजच्या ऐच्छिक सदक्याचा उल्लेख आहे. जकात आणि गरजवंताचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

तिसरी हदीस कुदसी आहे, म्हणजे तीत अल्लाहचे म्हणणे प्रेषितांच्या शब्दांत येते. आदमच्या पुत्राने दिवसाच्या आरंभी चार रकात पढाव्यात, दिवसाच्या शेवटापर्यंत अल्लाह त्याला पुरेसा होईल, असा तिचा आशय. ती तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे. बहुतेकांनी या चार रकात म्हणजे चाश्त असे धरले. इब्न तैमिया यांच्यासारख्या काहींच्या मते मात्र त्या फजरच्या दोन सुन्नत आणि दोन फर्ज होत. चाश्त पढल्याने रोजीत बरकत येते हा आपल्याकडचा लोकसमज याच हदीसवरून आला असावा. अल्लाह पुरेसा होणे या वचनात रोजीही येते, संकटापासून रक्षणही येते. तरी नमाजेला उत्पन्न वाढवण्याचा उपाय करून टाकणे तिच्या मोलाला साजेसे नाही.

बारा रकात पढणाऱ्यासाठी जन्नतमध्ये सोन्याचा महाल बांधला जातो, अशी हदीस तिर्मिजीत आहे, पण तिची सनद कमजोर मानली गेली आहे. जन्नतच्या दुहा नावाच्या दरवाजाची रिवायतही तशीच. चाश्तला या आधारांची गरज नाही. वरच्या सहीह हदिसा पुरेशा आहेत.

प्रेषित स्वतः ही नमाज पढत होते का

हा प्रश्न अभ्यासू वाचकाला हमखास पडतो, कारण रिवायती वरकरणी परस्परविरोधी आहेत. हजरत आयशा सांगतात की त्यांनी प्रेषितांना चाश्त पढताना पाहिले नाही, पण त्या स्वतः पढतात. त्यांनाच अब्दुल्लाह बिन शकीक यांनी विचारले, तेव्हा प्रवासातून परतले की पढत, असे उत्तर मिळाले. आणि सहीह मुस्लिममधल्या त्यांच्याच तिसऱ्या रिवायतीत प्रेषित चाश्तच्या चार रकात पढत आणि अल्लाहची इच्छा असेल तितक्या वाढवत, असे आहे. हजरत इब्न उमर यांना विचारले गेले, तेव्हा आपण पढत नाही, उमर आणि अबू बकरही पढत नव्हते, प्रेषितही बहुधा नसावेत, असे ते म्हणाले. मशिदीत लोकांना ती पढताना पाहून त्यांनी तिला बिदअत, म्हणजे धर्मातली नवी भर, म्हटल्याचीही नोंद बुखारीत आहे.

दुसरीकडे हजरत उम्मे हानी यांची साक्ष आहे. त्या हजरत अली यांची बहीण. हिजरी 8 मध्ये, म्हणजे इ.स. 630 च्या जानेवारीत मक्का जिंकली गेली, त्या दिवशी प्रेषितांनी उम्मे हानींच्या घरी स्नान केले आणि आठ रकात पढल्या. इतकी हलकी नमाज आपण पाहिली नव्हती, पण रुकू आणि सजदे मात्र पुरे होते, असे त्या सांगतात. ती चाश्तची वेळ होती. काही विद्वानांनी ही विजयाच्या शुक्राची नमाज मानली, बहुतेकांनी चाश्त. हजरत अनस यांनी एका अन्सारी माणसाच्या घरचा प्रसंग सांगितला आहे. तो शरीराने स्थूल असल्याने मशिदीत येऊ शकत नव्हता. त्याने प्रेषितांना घरी बोलावले, चटईच्या टोकावर पाणी शिंपडले आणि प्रेषितांनी तिथे दोन रकात पढल्या.

इब्न कय्यिम यांनी ‘जादुल मआद’मध्ये या विषयावरची सहा मते गोळा केली आहेत. सुयूती यांनी चाश्तवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. या सगळ्या चर्चेतून जी जुळणी बहुतेकांनी स्वीकारली, ती साधी आहे. प्रेषित सकाळच्या या वेळी बहुधा घराबाहेर, मशिदीत किंवा प्रवासात असत, त्यामुळे आयशा यांच्या नजरेला न पडणे म्हणजे न पढणे नव्हे. शिवाय त्याच आयशा कारणही सांगतात: एखादी गोष्ट आवडत असूनही प्रेषित ती सोडून देत, कारण लोक ती करू लागतील आणि त्यांच्यावर ती फर्ज होईल, अशी त्यांना काळजी असे. वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, उतरणे थांबल्यावर ही काळजी उरली नाही. इब्न उमर यांचा आक्षेप मशिदीत सर्वांनी जमून, ठरवून ती पढण्यावर होता असे मानले, तर तोही समजतो.

यातून वागण्याची दिशा स्पष्ट होते. अबू हुरैरा यांना दिलेली वसीयत नेहमीसाठी होती, तेव्हा रोज पढण्यात हरकत नाही. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’नुसार हजरत आयशा आठ रकात पढत आणि आपले आईवडील जिवंत होऊन आले तरी ही नमाज सोडणार नाही, असे म्हणत. अधूनमधून सोडण्याचे हंबली मत नफिलला कोणी फर्ज समजू नये म्हणून आहे. इब्न तैमिया यांनी मधली वाट काढली. ज्याला रात्री तहज्जुदला उठणे जमत नाही त्याने चाश्त नियमाने पढावी, ज्याला जमते त्याने कधी पढावी कधी सोडावी. रात्रपाळी करणाऱ्यांना आणि लहान मुलांच्या आयांना हे मत विशेष उपयोगी आहे.

पढण्याची रीत

कमीत कमी दोन रकात. चार पढणे उत्तम, आठपर्यंत पढण्याला उम्मे हानींच्या हदीसचा आधार आहे. मालिकी आणि हंबली पंथ आठला कमाल मानतात, शाफई फकीहांमध्ये आठ आणि बारा अशी दोन्ही मते आहेत, हनफी पंथात बारापर्यंत जाता येते. काही विद्वानांनी वरची मर्यादाच ठेवली नाही. नवशिक्याने दोनने सुरुवात करावी.

नमाजेची रीत इतर नफिलसारखीच. वुजू, अंगावर पाक कपडे, किब्ल्याकडे तोंड, मनात चाश्तची नियत. नियतीचे शब्द मोठ्याने म्हणण्याची गरज नाही. तिला अजान नाही, इकामत नाही. किरात अगदी हळू, ओठ हलतील इतपत. प्रत्येक रकातमध्ये सूरह फातिहानंतर कोणतीही सूरह चालते. सूरह शम्स आणि सूरह दुहा पढण्याचा प्रघात चांगला आहे, कारण दोन्हींचा आरंभ सूर्य आणि पूर्वाह्न यांच्या शपथेने होतो, पण त्याबाबतची रिवायत कमजोर असल्याने ते बंधन समजू नये. शाफई नमाजी दर दोन रकातींना सलाम फेरतात. हनफी चार रकात एका सलामने पढू शकतात आणि त्यात दोन रकातींनंतर बसून तशह्हुद पढतात. नमाजेनंतर ठरावीक दुआ नाही; आपल्या भाषेत मागावे.

नफिल असल्याने ती उभे राहण्याची ताकद असूनही बसून पढता येते, पण मग सवाब निम्मा. आजारामुळे बसून पढणाऱ्याचा सवाब कमी होत नाही. हैज (मासिक पाळी) किंवा निफासच्या (बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या) दिवसांत स्त्रीने ती पढू नये. या दिवसांत तिने सकाळी जिक्र आणि दुआ करावी. अबू जर यांच्या हदीसमध्ये तोही सदकाच सांगितला आहे.

ती घरी एकट्याने पढणे पसंत केले गेले आहे. मशिदीत जाऊन पढली तर चालते, आणि मशिदीत शिरल्या-शिरल्या पढली तर त्याच दोन रकातींतून तहिय्यतुल मस्जिद, म्हणजे मशिदीत शिरल्यावरची नमाजही, अदा होते. हजरत इत्बान बिन मालिक यांच्या घरी प्रेषितांनी दिवसा नफिल जमातीने पढल्याचा दाखला असल्याने कधीतरी घरच्यांनी मिळून पढण्यात गैर नाही. लोकांना बोलावून रोज जमात भरवणे मात्र हनफी पंथात मकरूह, म्हणजे नापसंत, आहे.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक नियम फार महत्त्वाचा आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. ज्याचा वेळ पगारावर दुसऱ्याने घेतला आहे, त्याने त्या वेळात मालकाच्या परवानगीशिवाय नफिल पढू नये, असे हनफी फकीह सांगतात. फर्ज आणि ताकीदीच्या सुन्नतीची गोष्ट वेगळी. समोर गिऱ्हाईक किंवा रुग्ण ताटकळत बसवून चाश्त पढणारा सवाबाच्या इच्छेने दुसऱ्याचा हक्क मारतो. त्याने ती कामावर निघण्याआधी, चहाच्या सुट्टीत किंवा वरिष्ठांच्या संमतीने पढावी. विद्यार्थ्यांनी मधल्या सुट्टीत. दोन हलक्या रकातींना चार-पाच मिनिटे पुरतात.

काही विशेष प्रश्न

फजर चुकून सूर्योदयानंतर जाग आली, तर आधी फजरची कजा. मनाईची वेळ टळण्यासाठी हनफी नमाजी सूर्य वर येईपर्यंत थांबतो, शाफई नमाजी जागे होताच पढू शकतो. ती कजा म्हणजे चाश्त नव्हे, चाश्त त्यानंतर वेगळी.

ज्याच्यावर जुन्या फर्ज नमाजांची कजा साचली आहे, त्याने नफिलपेक्षा कजा पढावी, हा सर्वसाधारण नियम. हनफी ग्रंथांत मात्र हदिसांमधून नाव घेऊन आलेल्या काही नफिल नमाजा यातून वगळल्या आहेत आणि त्यांत चाश्त आहे. शाफई मत कडक आहे. कारणाशिवाय फर्ज सोडलेल्याने आधी तेच फेडावे.

ईदच्या दिवशी ईदच्या नमाजेआधी आणि ईदगाहवर नंतरही प्रेषितांनी नफिल पढली नाही, असे इब्न अब्बास सांगतात. त्यामुळे हनफी नमाजीने त्या सकाळी ईदच्या नमाजेआधी घरीही चाश्त पढू नये. ईदगाहवरून घरी आल्यावर वेळ उरला असेल तर पढावी.

प्रवासात चाश्त तशीच राहते, तिच्यात कसर, म्हणजे रकाती कमी करणे, नाही. प्रेषित प्रवासात उंटावर बसून, तो जिकडे जाईल तिकडे तोंड असताना इशाऱ्याने नफिल पढत. त्या आधारावर प्रवासात बसून इशाऱ्याने नफिल पढण्याची सवलत आहे. फर्जला ही सवलत तशी लागू होत नाही.

एकदा सुरू केलेली चाश्त सोडली तर डोळे जातात, अशी भीती अनेक पिढ्या पसरलेली आहे. जैनुद्दीन इराकी यांनी चौदाव्या शतकातच तिची नोंद केली, आणि त्यांचे शिष्य इब्न हजर अस्कलानी यांनी ‘फतहुल बारी’त ती उतरवून घेतली. या समजाला कोणताही आधार नाही आणि या भीतीपायी कित्येकांनी ही नमाज मुळी सुरूच केली नाही, असे इराकी यांनी खेदाने लिहिले आहे. आजही घरातली वडीलधारी मंडळी ‘जमणार असेल तरच धर’ असे बजावतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो. दोन दिवस पढून चार दिवस सुटली तरी पढलेल्या दोन दिवसांचा सवाब कुठे जात नाही. थोडे पण नेमाने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय असल्याचे हजरत आयशा यांच्या हदीसमध्ये आहे. ते नेम धरण्याचे प्रोत्साहन आहे. नेम मोडला म्हणून शिक्षा त्यात सांगितलेली नाही.

चाश्त वेळेत पढायची राहून गेली, तर शाफई पंथात तिची कजा नंतर पढणे पसंत केले आहे, कारण ती ठरावीक वेळेची सुन्नत आहे. हनफी पंथात तिची कजा नाही. सूर्य ढळल्यावर जोहरची वेळ सुरू होते आणि चाश्त दुसऱ्या दिवशी सूर्य भालाभर वर आल्यावर पुन्हा पढता येते.